‘आपलंच काहीतरी हुकतंय’ : मोबाईलमधली ही भीती शेतकऱ्याच्या घरात काय करते?

रात्रीचे साडेअकरा. शेतीची लाईट बारा वाजता येणार. बांधावर बसून मोटरची वाट बघताना हात आपोआप खिशात जातो. स्टेटस उघडलं की पहिला फोटो मावसभावाच्या नव्या ट्रॅक्टरचा, हार घातलेला. दुसरा वर्गमित्राचा, महाबळेश्वरला सहकुटुंब. तिसऱ्यात कुणाच्या तरी द्राक्षाची गाडी भरतेय, मागे गाणं वाजतंय. पाच मिनिटांपूर्वी माणूस बरा होता. पोट भरलेलं, ऊस तरारलेला, घरी पोरं झोपलेली. पाच मिनिटांनंतर मनात एकच गोष्ट घोळते. सगळे पुढं गेले, आपणच इथं बांधावर राहिलो.

या पाच मिनिटांत शेतात काहीच बदललेलं नसतं. ऊस तोच, घर तेच, कर्जही तेवढंच. बदललेलं असतं ते फक्त मन. हे का होतं, फोन त्यात काय करतो, आणि खिशाला व घराला त्याची किती किंमत पडते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

भीतीचं नाव ‘फोमो’

इंग्रजीत या भावनेला ‘फोमो’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर हुकण्याची भीती. दुसरीकडं कुठंतरी चांगलं चाललंय, लोक मजा करतायत, पैसा कमावतायत, आणि आपण त्यात नाही, ही मनाला लागलेली टोचणी. अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या पॅट्रिक मॅकगिनिस या विद्यार्थ्यानं २००४ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात हा शब्द वापरला. २०१३ मध्ये अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भीती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ज्यांच्या मनात ही भीती जास्त, ते सोशल मीडिया जास्त वापरतात आणि आपल्या आयुष्याबद्दल त्यांचं समाधान कमी असतं, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं.

शब्द नवा असला तरी भावना जुनीच आहे. शेजाऱ्यानं बोअर मारली की आपल्याला झोप येत नाही, हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं, की माणूस स्वतःची किंमत आजूबाजूच्या माणसांशी तुलना करून ठरवतो. तुलना म्हणजे काही आजार नव्हे. शेजाऱ्यानं ठिबक केलं, त्याचं पाणी वाचलं, म्हणून आपणही केलं, ही तुलना फायद्याचीच.

फरक आहे तो तुलना कुणाशी होते यात. पूर्वी ती गावातल्या दहा-वीस घरांशी व्हायची, आणि त्या घरांची आतली-बाहेरची सगळी माहिती असायची. कुणाचा बंगला झाला तरी त्यावर सोसायटीचं किती आणि सावकाराचं किती, हे पारावर ठाऊक असायचं. आता तुलना हजारो अनोळखी माणसांशी होते, आणि त्यांच्या घरातली फक्त पुढची खोली दिसते.

फोन ही भीती कशी वाढवतो?

गावात इंटरनेट खऱ्या अर्थानं पोचलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर. डेटा स्वस्त झाला आणि घराघरात स्मार्टफोन आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअॅपनं आजचं फोटो-व्हिडिओचं स्टेटस आणलं. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, आणि पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले. म्हणजे आज सवयीच्या वाटणाऱ्या या गोष्टी गावात येऊन दहा वर्षंही झालेली नाहीत किंवा जेमतेम होतायत.

या प्रत्येक सोयीत माणसाला धरून ठेवणारी एक खुंटी आहे.

पहिली खुंटी चोवीस तासांची. स्टेटस एका दिवसानं पुसलं जातं. आता बघितलं नाही तर उद्या दिसणार नाही. म्हणून झोपायच्या आधी एकदा आणि उठल्या उठल्या एकदा बघितलंच जातं. बाजारात ‘आज शेवटचा दिवस’ अशी पाटी लावतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी खुंटी म्हणजे ‘कुणी बघितलं’ याची यादी. आपण टाकलेलं स्टेटस कुणी बघितलं हे कळतं, त्यामुळं कुणी बघितलं नाही हेही कळतं. सख्ख्या भावानं आपल्या पोरीच्या बारशाचा फोटो बघितला आणि काहीच कळवलं नाही, एवढ्यावरून घरात अबोला धरल्याची उदाहरणं कुठल्याही गावात सापडतील. निळ्या टिकांचंही तेच. २०१४ मध्ये त्या आल्या, तेव्हापासून ‘वाचलं, पण उत्तर दिलं नाही’ हा रुसण्याचा नवा मुद्दा तयार झाला.

तिसरी खुंटी न संपणाऱ्या पानाची. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, तमाशाला शेवट असतो, जेवणाला ढेकर असते. रील्सला शेवट नाही. खाली सरकत गेलं की पुढचं आपोआप येतं. ही रचना २००६ मध्ये अझा रस्किन या अमेरिकन तंत्रज्ञानं केली. लोकांचा किती वेळ यात जातो हे बघून पुढे त्यानंच जाहीरपणे खेद व्यक्त केला.

चौथी खुंटी सगळ्यात घट्ट. दहा रील्समधली आठ भंगार असतात, एखादी झकास निघते. पण झकास कधी येणार हे ठाऊक नसतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा कधी मिळायचा, कधी नाही. ठरलेल्या हिशेबानं दाणा मिळणाऱ्या कबुतरापेक्षा असं अनिश्चित दाणा मिळणारं कबूतर जास्त चिवटपणे चोच मारत राहतं. मटक्याचा नाद सुटत नाही त्याचं कारणही हेच. अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवणारा माणूस त्या कबुतरापेक्षा फार वेगळा नसतो.

स्टेटसमध्ये काय येत नाही?

ट्रॅक्टरच्या फोटोत हार असतो, हप्ता नसतो. महाबळेश्वरच्या फोटोत हसणारं कुटुंब असतं, गाडीत पोराला झालेली उलटी आणि नवरा-बायकोचं भांडण नसतं. द्राक्षाच्या गाडीच्या व्हिडिओत माल असतो, व्यापाऱ्यानं बुडवलेले पैसे नसतात.

यात कुणी खोटं बोलतं असं नाही. आपण स्वतः तरी काय टाकतो? पोरगी पहिली आली तर स्टेटस, नापास झाली तर नाही. नवा बैल आणला तर फोटो, विकावा लागला तर नाही. गावातला प्रत्येक जण वर्षातले दहा चांगले दिवस टाकतो. पण बघणाऱ्याच्या फोनमध्ये दोनशे माणसांचे नंबर असतात. दोनशे माणसांचे दहा-दहा चांगले दिवस म्हणजे झाले दोन हजार. म्हणजे रोज पाच-सहा जणांचा चांगला दिवस त्याच्यासमोर येणार, आणि तो स्वतः मात्र साध्या दिवसात बसलेला असणार. इतरांच्या सणाची आपल्या रोजच्या दिवसाशी तुलना केली तर आपण हरणारच. हा साधा हिशेब आहे. त्यात आपलं नशीब खोटं नसतं.

ही भीती शेतात उतरते तेव्हा

नुसतं मन खट्टू होणं एवढ्यावर हे थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हुकण्याची भीती जेव्हा लागण ठरवते, तेव्हा वर्ष जातं.

२०२३ चा टोमॅटो अजून सगळ्यांच्या लक्षात असेल. जुलैमध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पुढं गेला, काही शहरांत दोनशेवर पोचला. जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबानं महिनाभरात टोमॅटो विकून कोटीच्या वर पैसे केल्याची बातमी देशभर गाजली. बातमी खरी होती, त्या कुटुंबाचे कष्टही खरे होते. पण ती बातमी फोनमध्ये आली तेव्हा तिच्यासोबत वेगवेगळ्या गाण्यांचे शेकडो व्हिडिओ आले, आणि प्रत्येक पारावर एकच वाक्य ऐकू येऊ लागलं : “आपण टोमॅटो लावायला पाहिजे होता.”

आता कॅलेंडर बघा. नर्सरीत रोप तयार व्हायला पंचवीस ते तीस दिवस लागतात. लागणीनंतर पहिल्या तोड्यापर्यंत साधारण साठ ते सत्तर दिवस. म्हणजे व्हिडिओ जुलैच्या मध्यात बघितला आणि तयार रोप लगेच मिळालं, तरी पहिला तोडा सप्टेंबरच्या मध्यानंतरच. रोपासाठी थांबावं लागलं तर ऑक्टोबर उजाडणार. व्हिडिओत दिसलेला भाव एप्रिल-मेमध्ये उन्हात रोपं जगवणाऱ्याचा होता. जुलैमध्ये लावणाऱ्याचा तो नव्हताच.

झालंही तसंच. ऑगस्टमध्ये सरकारनं नेपाळहून टोमॅटो आणायला परवानगी दिली, नवी आवक सुरू झाली, भाव घसरू लागले. सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात भाव इतका पडला की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. दोन महिन्यांत तेच पीक, आणि कुठं दोनशे तर कुठं मातीमोल.

एक हिशेब मांडून बघू. समजा वीस किलोच्या क्रेटला शंभर रुपये मिळाले. त्यातून तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करा. हातात जे उरतं त्यातून मल्चिंग, तार-काठी, बांधणी, औषधं आणि रोपांचा खर्च निघायचा असतो, आणि एकराला हा खर्च लाखाच्या पुढं सहज जातो. म्हणून माल तोडण्यापेक्षा तसाच सोडून दिलेला परवडतो. रस्त्यावर ओतलेल्या त्या टोमॅटोचे व्हिडिओही आले. पण ते बघून कुणी म्हणालं नाही की, ‘बरं झालं, आपण लावला नव्हता.’ हुकलेला फायदा टोचतो, टळलेला तोटा मात्र कुणाच्या ध्यानातही राहत नाही. या भीतीची हीच खोड आहे.

अशा व्हिडिओत तीन गोष्टी हमखास गाळलेल्या असतात. एक, तारीख. व्हिडिओ आज आला म्हणजे भाव आजचा, असं नसतं. दोन, खर्च. ‘दहा लाखांचं उत्पन्न’ म्हणजे बहुतेक वेळा विक्री असते, नफा नव्हे. आणि तीन, हरलेले लोक. शंभर जणांनी ड्रॅगन फ्रूट लावलं आणि पाच जणांना जमलं, तर व्हिडिओ त्या पाचांचेच बनतात. उरलेले पंच्याण्णव कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. त्यातच व्हिडिओ बनवणारा स्वतः रोपं विकत असेल, तर ती मुलाखत राहत नाही, जाहिरात होते.

‘आत्ता नाही तर कधीच नाही’

फसवणूक करणाऱ्यांना ही भीती चांगली ठाऊक असते. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण २०१९ मध्ये उघड झालं. पक्षी घ्या, वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच जादा दरानं घेऊ, या बोलीवर अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्याआधी इमू पालनात हेच झालं होतं. दोन्ही वेळी कागदावरच्या हिशेबापेक्षा जास्त काम केलं ते ‘शेजाऱ्यानं शेड टाकलं, आपणच राहिलो’ या वाक्यानं.

आता शेडची जागा अॅपनं घेतलीय. अनोळखी नंबरवरून कुणीतरी एका ग्रुपमध्ये ओढतं. तिथं रोज लोक नफ्याचे फोटो टाकतात, ‘सरांमुळे आज चाळीस हजार’ असं लिहितात. त्यातले कितीतरी जण एकाच टोळीतले असतात. दोन-चार दिवस बघणाऱ्याला वाटतं, सगळे कमावतायत, आपणच मागं. आणि पीककर्जाचे, नाहीतर पोरीच्या लग्नाचे पैसे तिकडं जातात.

खऱ्या बाजारातही चित्र फार वेगळं नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. म्हणजे शंभरातले सातच जण नफ्यात. स्टेटसला दिसतात ते हे सात.

ऑनलाइन फसवणूक झाल्याचं लक्षात आलं तर लाजेनं गप्प बसू नये. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त.

समोरचा क्षण हातचा जातो

या भीतीची दुसरी किंमत पैशात मोजता येत नाही. दुसरीकडं काय चाललंय हे बघण्याच्या नादात समोर जे चाललंय तेच हुकतं. म्हणजे हुकू नये म्हणून धडपडायचं, आणि त्यातच हुकवायचं.

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसात कधीही फोनवरून विचारलं : आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि बरं वाटतंय का? जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतं. आणि काम कुठलंही असो, मन भटकत होतं तेव्हा लोक कमी समाधानी होते. भटकणारं मन सुखाचा विचार करत होतं तेव्हासुद्धा, कामात मन असणाऱ्यापेक्षा ते जास्त आनंदी नव्हतं.

फोटोचंही असंच. लिंडा हेंकेल या अमेरिकन प्राध्यापिकेनं विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. कॅमेरा लक्षात ठेवील म्हणून डोकं काम सोडून देतं. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळून, निरखून टिपला, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. म्हणजे दोष फोटोचा नाही, न बघता काढलेल्या फोटोचा आहे.

गावच्या जत्रेत पालखी देवळातून बाहेर पडते तेव्हा हे दिसतं. गुलाल उधळतो, ढोल घुमतो, आणि निम्मे हात जोडलेले नसतात, मोबाईल धरून वर गेलेले असतात. वर्षभर वाट बघितलेली पालखी सहा इंचाच्या काचेतून बघायची. तो व्हिडिओ पुन्हा किती जण उघडून बघतात, हे प्रत्येकानं आपल्या गॅलरीत जाऊन तपासावं.

शेतीत तर समोर बघणं हीच विद्या आहे. वाफसा आला का, हे मातीवर पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. मक्याच्या पोंग्यातली लष्करी अळी, टोमॅटोच्या पानामागची पांढरी माशी, ऊसातला पोंगेमर, हे सगळं सुरुवातीला दोन-चार झाडांवरच दिसतं. सकाळी शिवारातून चक्कर मारताना डोळे पिकावर असतील तर एका फवारणीत भागतं. डोळे फोनवर असतील तर आठवड्यानं प्लॉट हातचा जातो.

आणि काही वेळा जीवही जातो. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळच्या सुलीभंजन इथं रील काढताना गाडी मागं घेणारी तरुणी दरीत कोसळली. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्यावर रील काढायला गेलेल्या मुंबईच्या तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला. कडबाकुट्टी, रोटाव्हेटर, विहिरीचा काठ, चालू ट्रॅक्टर या ठिकाणी एका हातात फोन असणं हा तसाच धोका आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

सात वाजता भोंगा होतो तेव्हा

यावर एका गावानं शोधलेला उपाय देशभर गाजला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, तीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. कोरोनाच्या काळात मुलांच्या हातात ऑनलाइन शाळेसाठी फोन आले. शाळा पुन्हा भरल्या तरी फोन सुटले नाहीत. मग १५ ऑगस्ट २०२२ पासून गावानं ठरवलं : रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार, आणि साडेआठपर्यंत घरातले मोबाईल आणि टीव्ही बंद. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघरी गेले, आणि सवय रुजत गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव केला.

दोन्ही गावांचा हेतू एक, वाट वेगळी. बांशीचा ठराव फक्त मुलांसाठी आहे. वडगावचा भोंगा आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांसाठी वाजतो, आणि त्याचं मर्म यातच आहे. एकट्यानं फोन ठेवला तर मन म्हणतं, ‘ग्रुपवर काय चाललं असेल?’ पण सगळ्या गावानं एकाच वेळी फोन ठेवला, तर ग्रुपवर काहीच चाललेलं नसतं. मग हुकणार काय? ही भीती दुसऱ्यांमुळे तयार होते, म्हणून ती दुसऱ्यांच्या साथीनंच लवकर जाते. पोराला ‘मोबाईल ठेव’ म्हणणारा बाप स्वतः रील बघत असेल, तर भोंगा कितीही मोठा वाजवा, उपयोग नाही.

घरच्या घरी काय करता येईल?

फोन टाकून द्या असं कुणीच म्हणत नाही. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, ई-पीक पाहणी, पोरांचे फॉर्म, सगळं त्यातच आहे. प्रश्न एवढाच, की फोन आपण वापरतो की फोन आपल्याला वापरतो.

मेलिसा हंट यांनी २०१८ मध्ये अमेरिकेत १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटवर रोज प्रत्येकी दहाच मिनिटं दिली. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. आणि एक गंमत. ज्यांना मर्यादा नव्हती, फक्त किती वेळ जातो याची नोंद होत होती, त्यांचीही हुकण्याची भीती कमी झाली. म्हणजे पहिली पायरी बंदीची नाही, हिशेबाची आहे.

१. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. रोज कुठल्या अॅपवर किती वेळ गेला ते तिथं दिसतं. आठवडाभर फक्त बघा. नंतर तिथूनच अॅपला टायमर लावता येतो.

२. ज्या स्टेटसमुळं मन खट्टू होतं, ते दाबून धरा आणि ‘म्यूट’ करा. समोरच्याला कळत नाही, नातं तुटत नाही. कामाचे दोन-तीन ग्रुप सोडून बाकीचे कायमचे म्यूट केले तरी महत्त्वाचा निरोप फोन करून येतोच.

३. प्रायव्हसीमध्ये जाऊन निळ्या टिका बंद करता येतात. मग ‘वाचलं पण बोलला नाही’ हा वादच संपतो.

४. जेवताना, पोरं अभ्यासाला बसल्यावर आणि झोपताना फोनची जागा ठरवा. देवळी असो वा टीव्हीवरचा कप्पा, पण सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी. उशाशी नको.

५. जत्रा, लग्न, बारसं असेल तर आधी डोळ्यांनी बघा, मग एक-दोन फोटो काढा आणि फोन खिशात. स्टेटस उद्या टाकलं तरी चालतं.

६. व्हिडिओ बघून पीक, कोंबडी किंवा गुंतवणूक ठरवायच्या आधी पाच प्रश्न विचारा. व्हिडिओ कधीचा आहे? सांगितलेला आकडा विक्रीचा की नफ्याचा? आपला माल येईल तेव्हा आवक किती असेल? सांगणारा स्वतः काय विकतो? आणि हे करून तोट्यात गेलेला एक तरी माणूस आपण भेटलोय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर अजून चौकशी झालेली नाही. आणि ‘आजच ठरवा’ असं कुणी म्हणत असेल, तर आज नक्कीच ठरवू नका.

झोप उडाली, सतत उदास वाटतंय, पोरगं फोन काढून घेतल्यावर आदळआपट करतंय, जेवण सोडतंय, असं असेल तर तो हट्टीपणा समजून मारझोड करू नये. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे. तिथं मराठीतून बोलता येतं.

मोटर चालू झाल्यावर

बारा वाजता लाईट येते. मोटर सुरू होते, पाणी पाटात उतरतं. ओल्या मातीचा वास येतो, दूर कुठंतरी टिटवी ओरडते. हे कुणाच्या स्टेटसला नसतं, कारण याचा फोटो निघत नाही.

मावसभावाचा ट्रॅक्टर तिथंच राहणार आहे. त्याला उद्या फोन करून अभिनंदन करता येईल, जमलं तर हप्त्याचंही विचारता येईल. पण दारं मोडायची वेळ आत्ताची आहे. ती चुकली तर पाणी शेजारच्याच्या सरीत जातं, आणि त्याचं कुठलंही नोटिफिकेशन येत नाही.